भाव कोण पाडतो?

२०२४ च्या दिवाळीनंतर आम्ही एम.ए.च्या विद्यार्थ्यांना घेऊन चारठाण्याला गेलो होतो. जिंतूर तालुक्यातील हे गाव यादवकालीन मंदिरांसाठी ओळखले जाते. गोकुळेश्वराचे मंदिर आणि गावातील बारव मुलांना दाखवावी, स्थापत्य आणि स्थलपुराण यांचे नाते प्रत्यक्ष समजावून द्यावे, एवढाच हेतू होता. बारवेच्या पायऱ्यांवर बसून मुले टिपणे घेत असताना एक वयस्क शेतकरी जवळ येऊन टेकले. काय चालले आहे ते त्यांनी थोडा वेळ ऐकले आणि मग आमच्याकडे वळून विचारले, "सर, तुम्ही शिकलेसवरलेले मानसं. एक सांगा, सोयाबीनचा भाव पाडतंय तरी कोण?"

आम्ही काही बोलण्याआधीच एका विद्यार्थ्याने उत्तर दिले, "मुंबईत बसलेले सट्टेबाज पाडतात, मामा. दुसरं कोण?" मामांनी मान डोलावली. मुलांनीही डोलावली. आणि खोटे कशाला सांगा, आम्हीही डोलावली.

परतीच्या एसटीत आमच्यातल्या एकाच्या ध्यानात आले की ते उत्तर चुकीचे होते, आणि तेही मूळातूनच. सोयाबीनचे वायदे २० डिसेंबर २०२१ पासून सेबीने बंद करून ठेवले होते. ज्या सट्टेबाजांच्या नावाने आम्ही माना डोलावल्या, त्यांचे सोयाबीनचे दुकान जवळजवळ तीन वर्षे कुलूपबंद होते. तरीही त्या हंगामात सोयाबीनला चार हजारांच्या आसपास भाव मिळत होता आणि सरकारने जाहीर केलेली आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. मग भाव पाडला कोणी?

साहित्याच्या अभ्यासकांनी ह्या भानगडीत का पडावे, असे कोणी विचारील. आमचे म्हणणे असे की, ही चूक अर्थशास्त्राची असण्याआधी भाषेची आहे, आणि म्हणून ती आमची आहे. 'दलाल', 'सट्टेबाज', 'साठेबाज', 'अडत्या' हे शब्द मराठी कथा-कादंबरीने इतक्या सवयीने खलपात्राच्या जागी बसवले आहेत की त्या शब्दांमागे वेगवेगळी कामे आहेत, हेच आम्ही विसरलो. खलनायक सापडला की आमची कथा पुढे सरकते, पण चौकशी तिथेच थांबते.

तेव्हा आधी कामे वेगळी करून पाहू.

बाजारात एक माणूस असा असतो की जो खरेदी आणि विक्री असे दोन्ही भाव एकाच वेळी लावून बसतो. आज त्याला मार्केट मेकर म्हणतात. मुंबईच्या शेअर बाजारातील जुन्या गोलात, जिथे ओरडून सौदे होत, तिथे त्याला जॉबर किंवा 'तारवणीवाला' म्हणत. तो म्हणणार, शंभर रुपयांना घेतो, शंभर रुपये दहा पैशांना देतो. मधले दहा पैसे ही त्याची कमाई. विकणारा आला की त्याला घेणारा येईपर्यंत थांबावे लागत नाही, ही त्याची सेवा. त्याला कंपनीच्या भवितव्याशी फारसे कर्तव्य नसते. विकणारे एकामागून एक येऊ लागले की त्याच्याकडे माल साचतो, आणि साचलेला माल अंगावर राहू नये म्हणून तो दोन्ही भाव खाली आणतो. बघणाऱ्याला वाटते, ह्याने भाव पाडला. वस्तुतः विकणाऱ्यांच्या गर्दीचा निरोप त्याने भावात लिहिलेला असतो. नदीकाठच्या खांबावर पुराची पातळी दिसते म्हणून खांबाने पूर आणला असे कोणी म्हणत नाही.

पण ह्या खांबाची उपमा पुरती लागू होत नाही, हेही सांगितले पाहिजे. तारवणीवाला माणूस आहे, आणि माणूस पळून जाऊ शकतो. बाजार शांत असताना दहा पैशांच्या फरकाने भाव लावणारा हा गृहस्थ घबराटीच्या दिवशी तोच फरक पाच रुपये करतो किंवा भाव लावणेच थांबवतो. मग दोनशे शेअर विकायला निघालेला सामान्य माणूसही किंमत धाडकन खाली आणतो. त्याच्या असण्यापेक्षा त्याचे ऐनवेळी नसणे भावाला अधिक हादरवते. १९९४ मध्ये राष्ट्रीय शेअर बाजाराने आणि १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजाराने संगणकावरचे व्यवहार सुरू केल्यावर ही जुनी जात मागे पडली. लहान कंपन्यांसाठी २०१२ मध्ये जे स्वतंत्र मंच उघडले गेले, तिथे मात्र निदान तीन वर्षे मार्केट मेकर असलाच पाहिजे असा नियम करावा लागला. कारण दोन्ही बाजूंचे भाव लावणारा कोणी नसेल तर लहान कंपनीचा शेअर घेणाराच सापडत नाही.

दुसरा माणूस मंदीवाला. हा हाती नसलेला शेअर आधी विकतो आणि भाव उतरल्यावर घेऊन देणे चुकते करतो. शंभराला विकला, ऐंशीला घेतला, वीस सुटले. पण भाव चढला तर? तेजीवाल्याचे जास्तीत जास्त नुकसान म्हणजे त्याने घातलेले पैसे. मंदीवाल्याच्या नुकसानीला मात्र सीमा नाही, कारण भाव वर किती जाईल ह्याला छत नसते.

ह्याचे मराठी मुलखातले सर्वांत नाट्यमय उदाहरण १९८२ चे आहे. त्या वर्षी मार्च महिन्यात मंदीवाल्यांच्या एका गटाने रिलायन्सचे शेअर हाती नसताना विकायला सुरुवात केली, आणि १३१ रुपयांचा शेअर पाहता पाहता १२१ वर आला. तेवढ्यात काही दलाल समोरून खरेदीला उतरले. विकणारे विकत राहिले, घेणारे घेत राहिले. त्या काळी सौद्याची पूर्तता पुढच्या पंधरवड्यावर ढकलता येई. ह्या पद्धतीला 'बदला' म्हणत. मराठी वाचकाच्या कानाला ह्या शब्दात सूड ऐकू येतो, बाजारात मात्र त्याचा अर्थ तारीख बदलणे एवढाच. तेजीवाल्याला तारीख पुढे न्यायची तर तो व्याज देई. शेअरचाच तुटवडा असला तर उलट मंदीवाल्याला पैसे मोजावे लागत, आणि त्याला 'उंधा बदला' म्हणत. ३० एप्रिलला घेणाऱ्यांनी सांगितले की तारीख पुढे नेणार नाही, शेअर आणून द्या. पाहिजे तर शेअरमागे २५ रुपये मोजा. मंदीवाल्यांकडे शेअर नव्हते. ते मिळेल त्या भावाने गोळा करताना त्यांनीच भाव दोनशेच्या वर नेला, आणि मध्ये काही दिवस बाजार बंद ठेवावा लागला. घेणाऱ्यांमागे पैसा कोणाचा, हा प्रश्न पुढे संसदेपर्यंत गेला. अनिवासी भारतीयांच्या नावे रिलायन्समध्ये गुंतवणूक करणाऱ्या ज्या परदेशी कंपन्यांची नावे त्यातून उजेडात आली, त्यांत 'क्रोकोडाइल', 'लोटा' आणि 'फियास्को' अशीही होती. एखाद्या प्रहसनकाराने योजली असती तर समीक्षकांनी ती भडक ठरवली असती.

ह्या प्रसंगाचा अर्थ असा की, मंदीवाला भाव हलवू शकतो, पण तो तिथे धरून ठेवू शकत नाही. त्याने विकलेला प्रत्येक शेअर त्याला केव्हा तरी विकत घ्यावाच लागतो, म्हणजे त्याच्या विक्रीच्या पोटातच उद्याची खरेदी असते. तो बरोबर असेल तर भाव खालीच राहतो, पण त्याचे कारण कंपनी पोकळ असते हे आहे. तो चूक असेल तर त्याचीच खरेदी भाव वर नेते.

आता इतिहासाकडे पाहू. मुंबईने सामान्य माणसाला बुडताना तीनदा ठळकपणे पाहिले. पहिल्यांदा १८६५ मध्ये. अमेरिकेतील यादवीमुळे आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला, त्या पैशातून शेअरचे वेड उसळले. बॅकबे रिक्लमेशनचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या तेजीचे राजे. यादवी संपली, कापूस उतरला, आणि १ जुलै १८६५ ला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा शहर दिवाळखोर निघाले. दुसऱ्यांदा १९९२ मध्ये. बँकांचा पैसा वळवून हर्षद मेहताने एसीसीचा शेअर दोनशेच्या आसपासवरून नऊ हजारांपलीकडे नेला. तिसऱ्यांदा २००१ मध्ये, केतन पारेखच्या आवडत्या शेअरांचा फुगा फुटला तेव्हा. ह्या तिन्ही प्रसंगी भाव पडल्याच्या दिवशी लोकांनी आक्रोश केला. पण घात भाव पडण्यात नव्हता, तो आधीच्या खोट्या चढण्यात होता. तिन्ही वेळचे नायक तेजीवाले होते. असे असूनही २००१ मध्ये पहिली बंदी आली ती मंदीच्या विक्रीवर, त्याच मार्च महिन्यात. 'बदला' संपवायला जुलै उजाडला. मंदीची विक्री पुन्हा रीतसर सर्वांना खुली झाली आणि त्यासाठी शेअर उसने घेण्याची व्यवस्था चालू झाली, ती थेट २००८ मध्ये.

आम्हांला हे फार ओळखीचे वाटते. मराठी साहित्यव्यवहारात मंदीवाल्याच्या जागी जो उभा असतो त्याला आपण समीक्षक म्हणतो. प्रकाशन समारंभात सगळे तेजीवाले. पाठराखण करणारे, प्रस्तावना लिहिणारे, पुरस्काराची चर्चा सुरू करणारे. एखाद्याने म्हटले की हे पुस्तक सांगितले जाते तेवढ्या किमतीचे नाही, की त्याला पोटदुखी आहे असे ठरते. कधीकधी ती असतेही. पण सारी व्यवस्था फक्त चढा भाव बोलणाऱ्यांची असेल तर पाच वर्षांनी ते पुस्तक अभ्यासक्रमात लागते आणि आम्ही ते वर्गात शिकवताना खाली मान घालतो.

समीक्षक आणि मंदीवाला ह्यांत एक मोठा फरक आहे, तो लपवून ही तुलना करता येणार नाही. पुस्तक पडले तर समीक्षकाला पैसे मिळत नाहीत, मंदीवाल्याला मिळतात. म्हणून त्याच्या शब्दावर आंधळा विश्वास ठेवू नये. जानेवारी २०२३ मध्ये हिंडेनबर्ग ह्या अमेरिकी संस्थेने अदानी समूहाविषयी अहवाल काढला तेव्हा आपण मंदीचे सौदे केले आहेत हेही तिने जाहीर केले होते. समूहाने आरोप नाकारले. शेअर कोसळले, समूहाला वीस हजार कोटींची भागविक्री मागे घ्यावी लागली. पुढे मे २०२४ मध्ये समूहाच्या मुख्य कंपनीचा शेअर पुन्हा अहवालापूर्वीच्या पातळीला आला. सप्टेंबर २०२५ मध्ये सेबीने त्यांतील काही आरोप सिद्ध होत नसल्याचे आदेश दिले. ह्यात कोण किती खरे ह्याचा निवाडा आम्ही करणार नाही, तो आमचा अधिकार नाही. आम्हांला एवढेच दिसते की, स्वार्थ उघड करून बोललेली प्रतिकूल गोष्ट तपासता येते. स्वार्थ लपवून केलेली स्तुती तपासायची आहे हे लक्षातही येत नाही. २०२३ मध्येच सेबीने ज्यांच्यावर कारवाई केली, त्यांत यूट्यूबवर खोट्या चित्रफिती टाकून किरकोळ कंपन्यांचे शेअर फुगवणारे आणि ते फुगल्यावर लोकांच्या गळ्यात मारणारे होते. त्यांनी कोणाचीही निंदा केली नव्हती, सगळा मजकूर स्तुतीचाच होता.

आता चारठाण्याकडे परत येऊ, कारण प्रश्न तिथला आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला होता. कुक्कुटपालन उद्योगाने ओरड केली, केंद्राने बारा लाख टन सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली. नवा माल बाजारात आला तेव्हा भाव जवळपास निम्म्यावर होता. डिसेंबरात वायदेही बंद झाले, आणि मुदत संपत आली की बंदीला पुन्हा मुदतवाढ मिळत गेली. कारण दिले गेले महागाईचे. असे पूर्वीही झाले होते. २००७ मध्ये तूर, उडीद, गहू आणि तांदूळ यांचे वायदे थांबवण्यात आले. त्यानंतर अभिजित सेन यांच्या समितीने अभ्यास केला, आणि वायद्यांमुळे महागाई झाली असा ठाम निष्कर्ष काढता येत नाही असेच तिला म्हणावे लागले.

ह्यातली खरी गंमत, तिला गंमत म्हणवत नाही पण, अशी की वायदेबाजारात शेतकरी स्वतःच जन्मजात मंदीवाला आहे. जूनमध्ये पेरताना ऑक्टोबरात येणारा माल आजच ठरलेल्या भावाने विकून ठेवणे म्हणजे हाती नसलेली वस्तू विकणेच. फरक एवढाच की त्याची वस्तू शेतात उगवणार असते. भाव पडला तर वायद्यातला नफा बाजारातला तोटा भरून काढतो. हे काम एकटा अल्पभूधारक करू शकत नाही हे खरे, पण काही शेतकरी उत्पादक कंपन्या ते करू लागल्या होत्या. आणि जो काहीच सौदा करीत नाही, त्यालाही ऑक्टोबरात बाजार काय भाव धरून चालला आहे हे पेरणीच्या वेळी दिसत होते. शरद जोशींनी वायदेबाजाराची बाजू घेतली होती ती ह्याचसाठी. जानेवारी २०२३ मध्ये शेतकरी संघटनेने मुंबईत सेबीच्या कार्यालयापुढे आंदोलन केले तेही ही बंदी उठावी म्हणून. सट्टेबाजांना हाकला म्हणून शेतकरी तिथे गेले नव्हते. आमच्या साहित्यात मात्र ह्या मोर्चाला जागा सापडत नाही, कारण तो आमच्या ठरलेल्या कथानकात बसत नाही.

मग २०२४ मध्ये भाव पाडला कोणी? जगभर सोयाबीनचे पीक भरपूर होते. सोयापेंडीला परदेशात उठाव नव्हता. खाद्यतेलाची आयात स्वस्त होती, कारण कच्च्या तेलावरचा एकूण कर साडेपाच टक्क्यांवर ठेवला गेला होता. सप्टेंबरात तो साडेसत्तावीस टक्के करण्यात आला, तोवर हंगाम दाराशी आला होता. मे २०२५ मध्ये तो पुन्हा साडेसोळावर आणला गेला. ह्यात मुंबईचा सट्टेबाज कुठेच नाही. शहरातील ग्राहकाला तेल स्वस्त मिळावे म्हणून घेतलेले निर्णय आहेत, आणि त्यांची किंमत जिंतूरच्या काळ्या जमिनीने मोजली आहे. ह्या निर्णयांचे समर्थन करता येईल, विरोधही करता येईल. पण ते निर्णय आहेत आणि त्यांखाली सह्या आहेत. 'सट्टेबाज' ह्या शब्दाने त्या सह्या झाकल्या जातात.

आमच्यावर एक आक्षेप येईल की तुम्ही धनिकांची वकिली करता. तसे नाही. बाजारात लबाडी होते, मोठी होते. २०१२ मध्ये गवारीच्या वायद्यांत भाव अवास्तव भडकले आणि ते थांबवावे लागले. जेन स्ट्रीट ह्या, जगभर मार्केट मेकिंग करणाऱ्या अमेरिकी संस्थेवर सेबीने ३ जुलै २०२५ च्या अंतरिम आदेशात ठेवलेला ठपका असा : सकाळी बँकांचे शेअर मोठ्या प्रमाणात घेऊन बँक निफ्टी वर न्यायचा, दुपारी ते विकून खाली आणायचा, आणि त्याहून कितीतरी मोठा नफा ऑप्शनमध्ये कमवायचा. १७ जानेवारी २०२४ ह्या एका दिवसाचा ऑप्शनमधला नफा ७३४ कोटींहून अधिक सांगितला गेला, आणि एकूण ४,८४३ कोटी रुपये गोठवण्यात आले. संस्थेने आरोप नाकारले आणि प्रकरण अपिलात गेले. हे आरोप खरे असतील तर तो गुन्हाच. पण तो पकडायला 'भाव लावणारा' आणि 'भाव वाकवणारा' ह्यांत भेद करणारी नजर लागते. सगळ्यांना एकच शिवी देणाऱ्याला ह्यातला चोर कधीच ओळखता येणार नाही.

आणि हा भेद आता आमच्या वर्गातल्या बाकांवर येऊन बसला आहे. बारवेवर ज्या विद्यार्थ्याने झटकन उत्तर दिले होते, त्याने काही महिन्यांनी आम्हांला सांगितले की तो स्वतः मोबाइलवर ऑप्शनचे सौदे करतो, आणि खानावळीचे दोन महिन्यांचे पैसे त्यात गेले. सेबीच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे तीन वर्षांत अशा वैयक्तिक व्यवहार करणाऱ्यांपैकी ९३ टक्के लोकांनी तोटा सोसला आणि एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर होता. सट्टेबाजांना शिव्या देणारा मुलगा स्वतः सट्टा खेळत होता, आणि आपल्या सौद्याच्या पलीकडे कोण बसले आहे, तो रोज कशावर कमावतो, हे त्याला ठाऊक नव्हते. आम्ही त्याला सट्टा वाईट एवढेच शिकवले होते. सट्टा म्हणजे काय, हे नव्हते शिकवले.

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिले तेव्हा केवळ कळवळा व्यक्त केला नाही. पट्टी कशी बसते, कागद कसा फिरतो, पैसा कुठे मुरतो, हे त्यांनी उलगडून दाखवले. पुढच्या मराठी गद्याने त्यांचा संताप घेतला, पण त्यांची ही चौकशी घेतली नाही, असे आमचे मत आहे. म्हणून पुढल्या वर्षीपासून वैचारिक गद्याच्या तासाला आम्ही एक बाजारभावाचा तक्ता, एक अधिसूचना आणि सेबीचा एखादा आदेश वाचायला ठेवणार आहोत. मराठीच्या वर्गात हे कशाला, असे कोणी विचारले तर चारठाण्याच्या मामांचा प्रश्न सांगू.

त्यांना आम्ही नंतर निरोप धाडला आहे की, आमचे उत्तर चुकले होते. खरे उत्तर लांब आहे आणि ते सांगायला आम्ही पुन्हा येणार आहोत. त्यांचा उलट निरोप आला, "या, पण सोयाबीन निघायच्या आत या."